बानाबाईचा दगड

वर्षश्राद्धाला दोन महिने असताना रामहरीनं बापाच्या समाधीवर लावायच्या दगडाचा मजकूर घरात वाचून दाखवला, आणि बानाबाईचं डोकं फिरलं ते तिथंच.

बानाबाई भाकरी थापत होती. रामहरी, तिचा एकुलता एक लेक, वाळूजच्या कंपनीत पंचवीस वर्षं नोकरीला, पहिली पाळी करून आलेला. बूटसुद्धा न काढता तो उंबऱ्यात उभा राहिला आणि कागद नाकासमोर धरून वाचू लागला. कष्टाळू, कर्तबगार, दानशूर, धर्मपरायण. आवाजही असा काढला होता की मागच्या खोलीतली भाडेकरू पोरं दारात येऊन उभी राहिली.

बानाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, कुणाचं हाय रे हे? बाबांचं, रामहरी म्हणाला. असं व्हय, ती म्हणाली, मला वाटलं पल्याडच्या गल्लीत कुणी गेलं.

आता मुंजाबा, बानाबाईचा नवरा, माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. दारू नाही, मारझोड नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण कामाचं नाव काढलं की त्याच्या कमरेत कळ यायची. मेंढरं रानात न्यायची बानाबाईनं, सांजच्याला वाड्यात कोंडायची बानाबाईनं, लांडग्याच्या मागं काठी घेऊन धावायचं बानाबाईनं, आणि मुंजाबानं बाभळीखाली तंबाखू मळत विचारायचं, आली का समदी? त्या माणसाला कर्तबगार म्हणायचं म्हणजे बाभळीलाही काहीतरी म्हणावं लागेल, तिनंच त्याला जास्त सांभाळलं.

पण मेलेल्याच्या दगडावर खरं कोण लिहितं? बानाबाईच्या सासरी, बिडगरांच्या भावकीत, माणसाला जाळत नाहीत. वैजापूरकडच्या आपल्याच वावरात माती देतात, वर ओटा बांधतात आणि ओट्याला नावाचा दगड बसवतात. पूर्वी नुसता शेंदूर फासलेला धोंडा असायचा. आता पोरं कंपनीत लागली, तसा काळा चकचकीत ग्रॅनाइट आला, सोनेरी अक्षरं आली, आणि ज्यानं जन्मभर शेजाऱ्याला वाटीभर ताक दिलं नाही तोही दगडावर दानशूर झाला. बांधाबांधानं फिरा तिकडं, एक साधा माणूस पुरलेला सापडायचा नाही.

रामहरीनं आणखी एक गोष्ट सांगितली. गवंड्यानं ओटा दोघांच्या मापाचा बांधलाय. बाबांच्या शेजारची जागा तुझी, आई. हे त्यानं प्रेमानंच सांगितलं, त्यात खोट नव्हती. बानाबाईनं तवा उतरवला आणि विचारलं, मग माझ्या दगडावर काय लिवनार?

रामहरीकडं तेही तयार होतं. तो खुलला, खिशातून दुसरी घडी काढली. त्यागमूर्ती, म्हणाला. वर मोठ्या अक्षरात त्यागमूर्ती मातोश्री, आणि खाली तुझं नाव.

बानाबाईनं हाताचं पीठ असं झटकलं की सून गीता स्वयंपाकघराच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

हा त्याग काय होता ते ऐका, म्हणजे म्हातारी का पेटली ते कळेल.

बानाबाईला माहेराहून आंदण म्हणून सहा मेंढ्या मिळाल्या होत्या. त्या सहांच्या तिनं तीस वर्षांत दीडशेच्या वर केल्या. दिवाळी झाली की कळप घेऊन गोदावरीकाठच्या उसाच्या पट्ट्यात उतरायचं, लोकांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायची, आज ह्या गावात तर उद्या त्या, आणि पाऊस पडला की माघारी. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं. विसाच्या पुढं मोजता यायचं नाही. पण दीडशे मेंढरांत एक कमी असली तर ती वाड्याच्या तोंडाशी उभी राहून सांगायची, कानी नाही आली, किंवा भुरीचं पिल्लू मागं राहिलं. दुसऱ्याच्या कळपातलं एखादं मेंढरू चुकून घुसलं तर त्याची पाठ दिसायच्या आत तिच्या ध्यानात यायचं. मुंजाबा म्हणायचा, सगळी सारखीच तर दिसतात. ती म्हणायची, तुला मी आणि तुझी बहीण बी सारख्याच दिसत असू.

रामहरीला कंपनीत घेतलं त्या वर्षी ती बहिणीच्या लेकीच्या लग्नाला कन्नडकडं गेली. आठ दिवसांनी माघारी आली, तर वाडा रिकामा. लेंड्या अजून ओल्या होत्या. मुंजाबा बाभळीखालीच बसला होता. तो म्हणाला, रामहरीला बजाजनगरात जागा घ्यायचीय, गिऱ्हाईक चांगलं आलं, देऊन टाकली. मला कामून नाय विचारलं, असं तिनं विचारलं. तर म्हणाला, तू नाय म्हणाली असती.

दोन दिवस तिनं अन्नाला शिवलं नाही. तिसऱ्या दिवशी उठून चूल पेटवली, कारण रामहरीला डबा लागणार होता. मग रामहरीचं लग्न ठरलं, आणि भर मांडवात मुंजाबानं पाहुण्यांना सांगितलं की पोरासाठी हिनं आपल्या हातानं कळप दिला. बाया बघायला लागल्या, एक दोघींनी डोळ्याला पदर लावला. बानाबाई लेकाचं लग्न मोडायला नको म्हणून गप्प बसली. त्या दिवशी गप्प बसली आणि गोष्ट पक्की झाली. रामहरीनं ती खरी मानली. त्यानं ती बायकोला सांगितली, लेकीला सांगितली, समाजाच्या मेळाव्यात माइक हातात आल्यावर सांगितली. दरवेळी टाळ्या पडल्या. जे ओरबाडून नेलं ते दान म्हणून तिच्या नावावर चढलं, आणि तिला त्याबद्दल मान हलवून हसायचं काम लागलं. असं पंचवीस वर्षं.

मेंढरं गेल्यावर तिच्याकडं उरला चहा. बजाजनगरच्या दोन खोल्यांत रामहरीची पाळी दर आठवड्याला बदलायची, पण चहा बदलायचा नाही. पहिल्या पाळीला साडेचारला उठून चहा. दुसऱ्या पाळीला सगळ्यांचा सकाळी, त्याचा परत दुपारी. तिसऱ्या पाळीचा माणूस घरी यायचा तेव्हा आल्या आल्या चहा. सासऱ्याला तिनं रानात तीन धोंड्यांवर करून पाजला, नवऱ्याला पाजला, लेकाला पाजला, लेकाच्या मित्रांना पाजला. ताप असला तरी. गुडघे सुजले तरी. गीता म्हणायची, आत्याबाई, मी करते, तर रामहरी म्हणायचा, आईच्या हातची चव नाय येत. ह्याला तो कौतुक समजायचा.

तर त्या दिवशी जेवणं झाल्यावर बानाबाईनं सांगून टाकलं की माझा दगड मी जिती असताना कोरायचा आणि त्यावर काय असेल ते मी सांगीन. त्यागमूर्ती नको. रामहरी हसला, म्हणाला, बरं बाई, तुझं तू ठरव. त्याला वाटलं दोन दिवसांत विसरेल. आईला ओळखायला त्याला सेहेचाळीस वर्षं मिळाली होती, तरी तो असं समजला.

तिला सुचायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी पहाटे गॅससमोर उभी असताना तिला एकदम हसू फुटलं. पातेल्यात साखर दोनदा पडली, इतकं. प्रांजली, तिची नात, वीस वर्षांची, कॉलेजात जाणारी, अंथरुणातून उठून आली आणि विचारू लागली की काय झालं. बानाबाईनं तिला कागद आणायला लावला.

प्रांजलीनं लिहिलं. लिहिता लिहिता तीही खाली बसली आणि तोंडावर ओढणी धरून हसली.

त्याच आठवड्यात दोघी सिटी बसनं उस्मानपुऱ्यात गेल्या. तिथं शिवशंकरचं दुकान, नावाच्या पाट्या, कोनशिला, समाधीचे दगड. मुंजाबाचा दगड तोच कोरत होता. शिवशंकर पन्नाशीचा, डोळ्याला जाड चष्मा, मिशीत दगडाची भुकटी. त्यानं प्रांजलीच्या हातातला कागद वाचला, म्हातारीकडं बघितलं, परत वाचला. कागदावर एवढंच होतं:

बानाबाई.
आता मी उठायची नाय.
चहा तुमचा तुम्ही करा.

मावशी, हे समाधीवर लिहायचंय? त्यानं विचारलं. मग काय चहाच्या टपरीवर व्हय, बानाबाई म्हणाली. शिवशंकरनं तीस वर्षांत हजारभर स्वर्गवासी कोरले होते, पण दगडासमोर बसून त्याला हसू आलं ते पहिल्यांदाच. त्यानं जन्मतारीख विचारली. आधारकार्डावर एक जानेवारी होती. ती म्हणाली, ते कार्डावाल्यानं टाकलंय, मी पोळ्याच्या दिवशी जन्मले, साल कुणाच्या बापाला ठावं नाय, तवा तारीख नकोच. विधवेच्या नावाआधी लिहितात तसं गंगाभागीरथी लिहू का? नको. नवऱ्याचं नाव? त्याचं त्याच्या दगडावर असंन की.

शिवशंकरनं काळ्या दगडावर खडूनं तीन ओळी आखून दाखवल्या. बानाबाई त्यासमोर उकिडवी बसली. तिला वाचता येत नव्हतं, पण ती बघत होती, एकेक अक्षर, डोक्यापासून शेपटीपर्यंत. पहिल्या ओळीत एकच शब्द, त्यात दोन बा जुळ्या. तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी चहा, त्यातला च पोट सुटलेला. दुसऱ्या ओळीत मधोमध गोल गरगरीत ठ. वर एक शब्द, मग चार, मग चार. अर्धा तास ती तशीच बसून राहिली. प्रांजली कंटाळून मोबाइल बघायला लागली. शेवटी गुडघ्यावर हात टेकून म्हातारी उठली आणि म्हणाली, आता चुकायची नाय.

कागद तिनं चंचीत ठेवला आणि रोज दुपारी काढून बघितला. एवढ्यावर ती इतकी खूश होती की गीतानं विचारलं, आत्याबाई, मरणाची कसली हौस? ती म्हणाली, मरणाची नाय गं, मेल्यावर पहिल्यांदा मला बोलायला मिळणार हाय.

रामहरीला शिवशंकरकडूनच कळलं. बापाच्या दगडाचं विचारायला त्यानं फोन केला आणि शिवशंकर हसत हसत सांगून गेला. रामहरीची कानशिलं तापली. वर्षश्राद्धाला सगळी भावकी येणार, कंपनीतले लोक येणार, समाजाचे पुढारी दगडावरचा पडदा काढणार. लोक काय म्हणतील? बिडगरानं आईला चहा करायला ठेवली होती. त्याला शरम वाटली, आणि खरं म्हणजे वाईटही वाटलं. ज्या आईला तो मेळाव्यात देवी म्हणायचा तिनं त्याचा असा पंचनामा करावा? मग त्यानं मनाशी हिशेब केला, की आई काही वाचत नाही. दगड काळा, अक्षरं सोनेरी, तिला काय कळणार आहे. प्रांजलीला नंतर समजावू. त्यानं शिवशंकरला सांगितलं, खडू पूस आणि मी देतो ते कोर.

शिवशंकर आधी का-कू करत होता. पण पोरगा सांगतो ते करायचं, हा त्या धंद्याचा रिवाज, कारण ज्यांच्यासाठी दगड करायचा त्यांच्यातलं कुणी कधी तक्रार करायला आलेलं नसतं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी वावरात मंडप पडला होता. दोन्ही दगड आदल्या दिवशीच ओट्याला बसवून वर पांढरं कापड टाकलेलं. प्रवचन झालं, आचाऱ्यांच्या कढया चढल्या, आणि अकराच्या सुमाराला पुढारी आले. पांढरे कपडे, मागं पाच सहा जण. त्यांनी मुंजाबाच्या दगडावरचं कापड काढलं, फुलं वाहिली. मग दुसरं काढलं आणि म्हणाले, माउलींना शंभर वर्षं आयुष्य मिळो. लोकांनी हात जोडले.

बानाबाई पुढंच बसली होती, खुर्चीवर. ती उठली आणि दगडासमोर गेली. सगळ्यांना वाटलं, नमस्कार करतेय.

तिनं एक नजर टाकली. वरच्या ओळीत तिचं नाव नव्हतं. तिथं एक लांबलचक, अंगावर शिंगंच शिंगं असलेलं काहीतरी बसलं होतं. जुळ्या बा खाली कुठंतरी कोपऱ्यात, बारीक होऊन. पोट सुटलेला च कुठं दिसेना. ठ नाही. तिनं वरून खाली बघितलं, परत खालून वर बघितलं, जशी ती वाड्याच्या तोंडाशी बघायची.

"हा दगड माझा नाय," ती म्हणाली.

रामहरी पुढं झाला, तिचा दंड धरून हळूच म्हणाला की आई, तुझाच आहे, खाली नाव बघ.

"नाव माझं हाय. बाकीची समदी उपरी हायेत. ह्यात चहा कुठं हाय?"

पुढाऱ्याला वाटलं म्हातारीला उन्हाचा त्रास होतोय. त्यानं मागच्या माणसाला सांगितलं, आजीला चहा आणा. दोन पोरं धावली.

बानाबाईनं नातीला हाक मारली आणि वाचायला सांगितलं. प्रांजली दगडाजवळ आली आणि तिचा चेहरा उतरला. तिनं बापाकडं बघितलं. रामहरीनं मान हलवून नको म्हटलं. पोरीनं तोंड दगडाकडं वळवलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, त्यागमूर्ती मातोश्री, बानाबाई मुंजाबा बिडगर. बस, आज्जी, एवढंच हाय, म्हणाली.

आता मंडपातली सगळी तोंडं दगडाकडं वळली. आचारीसुद्धा झारे हातात धरून बघायला लागले. रामहरीला पळायला जागा उरली नाही, म्हणून तो लोकांकडं तोंड करून बोलू लागला, मेळाव्यात बोलायचा तसंच. म्हणाला, मंडळी, ह्या माउलीनं माझ्या नोकरीसाठी, माझ्या घरासाठी आपला सगळा कळप दिला, तिला त्यागमूर्ती नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? आणि मग तिच्याकडं वळून म्हणाला, मी तुला देवी म्हणतोय, आई, आणि तू मला सगळ्यांसमोर असं करतीस.

"देवीला कुणी विचारत नाय, दमलीस का म्हणून," बानाबाई म्हणाली. "तवा तर देवी म्हणायचं सोपं पडतंय तुम्हाला."

पुढारी घड्याळ बघायला लागले. ती त्यांच्यापुढं होऊन, थेट लेकासमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. मेंढरांशी बोलायचा तोच आवाज होता, शांत, पण पार बांधापर्यंत जाणारा.

"त्याग म्हंजी माणूस आपल्या हातानं देतं. म्या नाय दिला. म्या लग्नाला गेले व्हते, आले तर वाडा रिकामा. तुझ्या बापानं मला न विचारता माझी मेंढरं विकली, रामहरी. सहाची दीडशे म्या केली व्हती. आन तुम्ही पंचवीस वर्षं मला सांगताय, म्या दिली, म्या दिली."

रामहरी म्हणाला की बाबा असं नव्हते म्हणाले. बाबा म्हणाले होते की तू हो म्हणालीस.

मागं भावकीच्या म्हाताऱ्यांत कडुबा बसला होता, मुंजाबाचा चुलत भाऊ, ऐंशीचा, ऐकायला कमी येणारा. हे मात्र त्याला नीट ऐकू आलं. त्यानं काठीनं जमीन टोकरली आणि म्हणाला, "खरं हाय ते. बाजाराला मेंढरं हाकत म्याच नेली व्हती. मुंजा म्हणला, ती यायच्या आत उरकू."

पुढाऱ्यांना वैजापुरात दुसरा कार्यक्रम होता, ते हात जोडून निघाले. जेवणाच्या पंगती बसल्या, लोक खाली मान घालून जेवले, आणि बुंदी चांगली झालीय एवढंच एकमेकांना सांगत राहिले. बायकांच्या पंगतीत मात्र वेगळंच चाललं होतं. दोन चार जणी बानाबाईजवळ येऊन बसल्या आणि चहाची काय भानगड ते विचारू लागल्या. प्रांजलीनं चंचीतला कागद काढून वाचून दाखवला. एकीला ठसका लागला. दुसरी म्हणाली, माझ्या दगडावर धुणं लिहा.

रामहरी दिवसभर तिच्यासमोर आला नाही. संध्याकाळी मंडप सोडून झाला तेव्हा ओट्याजवळ येऊन उभा राहिला. त्याला खूप बोलायचं होतं, पण निघालं एवढंच, की तेव्हाच का नाही बोललीस, आई? मी नोकरी सोडली असती.

"सोडली नसती," बानाबाई म्हणाली. "आन म्या सोडू बी दिली नसती. पण इचारायला तर पायजे व्हतं. तुझ्या बापानं नाय इचारलं. तू तर तवा कळता व्हतास, तू बी नाय इचारलं. आन आज दगडाच्या येळी बी नाय इचारलं."

तो रडला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली, पण बोललेला शब्द एकही मागं घेतला नाही. सकाळी दगड निघाला पायजे, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गवंड्यानं छिन्नी लावून दगड काढला. टेम्पोत टाकून मायलेक उस्मानपुऱ्यात गेले, बानाबाई पुढं ड्रायव्हरशेजारी, रामहरी मागं दगडाशेजारी. शिवशंकर त्यांना बघूनच उभा राहिला. चुकलं मावशी, म्हणाला, पहिल्यांदाच कुणी माघारी आलं. त्यानं दगड उलटून पाहिला आणि सुचवलं की ही बाजू कोरी आहे, हिला पॉलिश मारून तुमचा मजकूर इकडून कोरतो, दगड वाया जायला नको.

बानाबाईनं साफ नकार दिला. ते त्यागाचं मागून पाठीला चिकटलेलं नको, म्हणाली. मेल्यावर तरी ते माझ्या अंगावरून उतरू दे. शिवशंकरनं नवा दगड काढला, ओल्या फडक्यानं पुसला, आणि ह्या वेळी खडू हातात घेतल्यावर त्यानं म्हातारीला समोरच स्टूल मांडून दिलं. बानाबाई. आता मी उठायची नाय. चहा तुमचा तुम्ही करा. तिनं एकेक अक्षर बघून घेतलं. सगळी आली होती.

रामहरी पुढं आला आणि दगडाच्या खालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, इथं आणखी एक ओळ बसेल. हिची मेंढरं हिला न विचारता विकली, असं कोरा. मी सांगतोय, खाली माझं नाव टाका. लोकांना कळू द्या.

शिवशंकरनं खडू वर धरून म्हातारीकडं बघितलं.

"नको," बानाबाई म्हणाली. "दगडाशी येणाऱ्या जाणाऱ्यानं हसावं. हे दगडावर टाकलं की तू मोकळा झालास. ते तू ध्यानात ठेव."